पत्र्याखालची दुपार आणि आडवं पडलेलं भात

मे महिन्यातली दुपारी तीनची वेळ. कळव्याला पारसिकच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत माझं लहानपण गेलं, त्यामुळे ही वेळ मला घड्याळापेक्षा अंगाने जास्त ठाऊक आहे. त्या वेळी घरात कुणी थांबत नसे. बायका निवडायचं धान्य घेऊन गल्लीत जिथे सावली सरकेल तिथे सरकत बसायच्या. आई पत्र्यावर ओली गोणपाटं टाकायची. अर्ध्या तासात ती खडखडीत वाळायची आणि पुन्हा भिजवायला पाणी नसायचं, कारण नळ सकाळी तासभरच.

त्याच सुमारास तिकडे शहापूर तालुक्यात माझी मावशी राब, म्हणजे भाताची रोपं करायची जागा, भाजून मोकळी झालेली असायची. तिची दोन एकर भातशेती. पेरायचं कधी हे तिला कॅलेंडरने कधी सांगितलं नाही. रोहिणी लागली की बी मातीत जातं, एवढं तिच्या सासूने शिकवलं होतं आणि तेवढं पुरत होतं. आता पुरत नाही.

हवामान बदल म्हटलं की डोळ्यांसमोर वितळणारे बर्फाचे कडे येतात. इथे मी ही दोन घरंच समोर ठेवणार आहे. पृथ्वी तापते म्हणजे ठाणे जिल्ह्यातल्या माणसाच्या रोजच्या जगण्यात नेमकं काय बिघडतं, सगळ्यांवर आलेलं संकट ठरावीक घरांतच मुक्काम का करतं, आणि ‘बदलाशी जुळवून घ्या’ असं सांगितलं जातं तेव्हा त्याचा खर्च कुणाच्या खिशातून जातो, हे मला सांगायचं आहे.

विज्ञान थोडक्यात उरकतो. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून हवेत साठलेला कार्बन डायऑक्साइड उष्णता धरून ठेवतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाशी तुलना केली तर २०११ ते २०२० या दशकात जगाचं सरासरी तापमान सुमारे १.१ अंशाने जास्त होतं. भारताचं १९०१ ते २०१८ या काळात साधारण ०.७ अंशाने वाढलं. आकडा लहान दिसतो, पण हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. त्यात आपल्या दाराशी अरबी समुद्र, आणि तोही तापतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. देशातला मोसमी पाऊस मात्र एकूणात वाढलेला नाही, उलट थोडा घटलाच आहे. म्हणजे पाणी तेवढंच किंवा जरा कमी, पण चार दिवसांत कोसळणारं. मधले दिवस कोरडे.

एकाच पावसात दोन घरं

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. ठाण्यातही त्या दिवशी हाहाकार उडाला होता. अशा दिवशी घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये तळघरातली गाडी बुडते. मालक हळहळतो, विमा कंपनीला फोन करतो आणि आठव्या मजल्यावर जाऊन झोपतो. दिवा स्टेशनजवळच्या बैठ्या चाळीत त्याच पाण्यात महिन्याचं रेशन जातं, शिलाई मशीन जातं, पोरांची पुस्तकं जातात आणि आधार कार्ड, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला असलेली ती पत्र्याची पेटी जाते. पुढचे सहा महिने कागद पुन्हा काढण्यात जातात. प्रत्येक खेपेला एक दिवसाचा रोज बुडतो.

अभ्यासक ज्याला असुरक्षितता म्हणतात, ती ही. तिच्यात तीन गोष्टी येतात. संकटाच्या वाटेत कोण उभं आहे? ते आलं तर किती लागेल? आणि लागल्यावर उठून उभं राहायला जवळ काय आहे? पहिला प्रश्न आभाळाचा वाटतो, पण नाल्याकाठी किंवा डोंगराच्या उतारावर घर कुणी हौसेने बांधत नाही. कामाच्या ठिकाणाजवळ परवडणारी जागा तेवढीच उरलेली असते. दुसरा आणि तिसरा प्रश्न तर पूर्णपणे पैसा, कागद, आरोग्य आणि ओळखीपाळखीचे आहेत. म्हणून हवामान खात्याचा नकाशा बघून कुणाचं किती नुकसान होणार ते कळत नाही. त्यासाठी रेशनकार्डाचा रंग आणि घराचं छप्परही बघावं लागतं.

जुलै २०२१ मध्ये कळव्यात दरड घरावर कोसळून पाच माणसं गेली. अशा वस्त्यांना पावसाळ्याआधी नोटिसा लागतात. नंतर बाहेरची माणसं विचारतात, नोटीस मिळूनही हे लोक हलले का नाहीत? मी त्या वस्तीतून आलोय म्हणून सांगतो. हलायचं म्हणजे भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट भरायचं. मुलांची शाळा मधेच तोडायची. ज्या चार घरची धुणीभांडी आहेत ती सोडायची. आणि सगळ्यांत मोठी भीती म्हणजे घर रिकामं केलं की तिथे राहत असल्याचा पुरावा संपतो, पुढे कधी पुनर्वसन झालं तर यादीत नाव नसतं. दरड कदाचित पडेल, पण हे सगळं नक्की होणार असतं. माणूस ‘कदाचित’च्या बाजूने कौल देतो. त्याला मी अडाणीपणा म्हणू शकत नाही.

घाम वाळत नाही तेव्हा

आपल्याकडच्या उन्हाबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे. नागपूर-चंद्रपूरला पंचेचाळीस अंश असतं, आमच्याकडे सदतीस-अडतीस, मग कसली आली उष्णतेची लाट? हवामान खातं मात्र लाटेचा विचार करताना सपाट प्रदेशासाठी ४० अंशांपासून सुरुवात करतं आणि किनारपट्टीसाठी ३७ पासूनच. तीन अंशांची ही सवलत कशासाठी, हे समजून घ्यायला हवं.

शरीर स्वतःला गार ठेवतं ते घामाने. पण नुसता घाम येऊन उपयोग नाही, तो वाळला तर अंगातली उष्णता घेऊन जातो. खाडीकाठची हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. घाम वाळत नाही, अंगावरून ओघळत राहतो. पाणी आणि मीठ शरीरातून जातं, उष्णता आतच राहते. म्हणून ठाण्यातले ३७ अंश माळरानावरच्या त्याहून मोठ्या आकड्याइतके घातक ठरू शकतात. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो माणसं उघड्यावर बसली होती. पारा चाळिशीच्या आतच होता. तरीही १४ जणांचा जीव गेला.

खारघरची बातमी झाली कारण ती एका दिवशी, एका मैदानात घडली. रोज थोडं थोडं होतं त्याची बातमी होत नाही. तुर्भ्याच्या बाजारात पन्नास किलोची गोणी पाठीवर घेणारा माथाडी कामगार, नाक्यावर काम मिळायची वाट बघणारा गवंडी, एमआयडीसीत भट्टीसमोर उभा राहणारा ठेकेदाराकडचा पोरगा, तीन इमारतींत मिळून सहा घरांची कामं करणारी बाई. यांच्यापैकी बऱ्याच जणांची कमाई नगावर किंवा रोजावर. ऊन लागलं म्हणून तासभर बसलं तर तेवढे पैसे कमी. म्हणजे उन्हाची किंमत एकतर शरीराने द्यायची, नाहीतर पगाराने.

आणि रात्र! शरीराला दिवसाचा ताण रात्री फेडायचा असतो. पण शहरातलं काँक्रीट आणि डांबर दिवसभर उष्णता पिऊन रात्री ती सोडत राहतं. दहा बाय बाराच्या खोलीला एकच दार, आणि गल्ली इतकी चिंचोळी की शेजारच्या दुकानाच्या एसीची गरम हवा थेट आत. तिथे झोप लागत नाही. न झोपलेला माणूस सकाळी पुन्हा परांचीवर चढतो आणि मग पडतो. कागदावर ‘पडून जखमी’ अशी नोंद होते, उन्हाचं नाव कुठेच येत नाही.

यावर करता येण्यासारखं खूप आहे आणि त्यातलं बरंचसं स्वस्त आहे. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उन्हाने माणसं मोठ्या संख्येने दगावली, त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठीचा कृती आराखडा केला. आदल्या दिवशी इशारा, दवाखान्यांची तयारी, पाणपोया, दुपारच्या कामाच्या वेळांत बदल. छपराला पांढरा परावर्तक रंग किंवा चुना लावला तर घरातलं तापमान साधारण २ ते ५ अंशांपर्यंत उतरू शकतं. पत्र्याखाली राहिलेल्या माणसाला या दोन अंशांचा अर्थ विचारा. मात्र आपल्या वस्त्यांत एक गाठ आहे. खोली भाड्याची असते. भाडेकरू दुसऱ्याच्या छपरावर पैसे घालत नाही आणि मालक तिथे राहत नाही म्हणून त्याला गरम होत नाही. घराघरावर सोडून दिलं तर हा रंग कधीच लागणार नाही. पालिकेने वस्तीच्या वस्ती रंगवायला घेतली तरच ते होईल, आणि रस्त्यांच्या तुलनेत तो खर्च किरकोळ आहे.

उघाडी

नवी मुंबई ज्या जमिनीवर उभी आहे तिच्याबद्दल एक गोष्ट मला मनापासून आवडते. १९७० मध्ये हे शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली तेव्हा ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घ्यायचं ठरलं. त्यात खाडीलगत मिठागरं होती आणि आगरी शेतकऱ्यांची खारी शेतं होती. ती शेतं समुद्राकडून मिळवलेली. खाडीच्या बाजूने मातीचा बांध घालायचा आणि त्यात उघाडी, म्हणजे झडप असलेली पाण्याची वाट, ठेवायची. भरतीला झडप बंद, खारं पाणी आत येत नाही. ओहोटीला झडप उघडते, शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं.

वाशी, सानपाडा, बेलापूरचे धारण तलाव नेमकं हेच करतात. शहराचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली आहे. म्हणून भरतीच्या वेळी पावसाचं पाणी या तलावांत साठवायचं आणि ओहोटी लागली की फ्लॅप गेटमधून सोडायचं. तंत्र डच पद्धतीचं म्हणून सांगितलं जातं, पण गावातल्या म्हाताऱ्यांना ते दाखवलं असतं तर त्यांनी लगेच ओळखलं असतं.

अडचण अशी की तलाव गाळाने भरलेत आणि गाळात कांदळवन वाढलंय. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण खाडीच्या तोंडाशी लाटांचा जोर तेच मोडतं. पण तलावाचं पोट भरलेलं राहिलं तर पाणी रस्त्यावर येणार. १९०१ ते २०१८ या काळात जगभरचा समुद्र सरासरी सुमारे २० सेंटिमीटरने वर आला. तो जितका वर येईल तितका झडप उघडी राहण्याचा वेळ कमी. भरती आणि ढगफुटीसारखा पाऊस एकाच तासात आले तर आजही शहर अडकतं. खाडीकडची झाडं राखून तलावाचं पोट मोकळं करायचा मार्ग काढावाच लागेल, आणि हे काम कुणा एका सोसायटीच्या आवाक्यातलं नाही.

जे गावकरी अजून खारी शेती करतात त्यांच्यासाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल १, पनवेल २, पनवेल ३ असे क्षार सोसणारे भाताचे वाण काढले आहेत. बांध फुटून एकदा खारं पाणी शिरलं की साधं भात त्या जमिनीत टिकत नाही, हे वाण तग धरतात. बांध दुरुस्त करायला मात्र गाव एकत्र यावं लागतं. जमीन विकून निम्मं गाव उठलं असेल तर बांध कोण घालणार?

हळवं की गरवं

आता मावशीकडे येतो. तिच्या शेतातली गणितं शहरातल्या माणसाला सोपी वाटतात आणि ती अजिबात सोपी नाहीत.

कोकणातलं भात पिकायच्या मुदतीवरून ओळखलं जातं. हळवं लवकर तयार होतं, साधारण ११० ते १२० दिवसांत; रत्ना, कर्जत ३ हे त्यातले. निमगरवं त्याच्या मागून, जयासारखं. गरवं सगळ्यांत शेवटी, दिवाळीच्या आसपास. वरच्या, लवकर कोरड्या पडणाऱ्या जमिनीत हळवं आणि खालच्या, पाणी धरणाऱ्या खाचरात गरवं, ही जुनी वाटणी. पाऊस सप्टेंबरअखेर आवरता घेतो, या भरवशावर ती बसवलेली होती.

तो भरवसाच गेला. सुरुवातीला पाऊस येतो आणि पंधरा दिवस गायब होतो. राबातलं रोप, ज्याला आवण म्हणतात, एकवीस-पंचवीस दिवसांत उपटून लावायला हवं. चिखलणीला, म्हणजे लावणीआधी शेताचा चिखल करायला, पाणी नाही म्हणून ते चाळीस दिवस तसंच राहिलं तर म्हातारं होतं, फुटवे कमी येतात, उत्पन्न घटतं. फुलोऱ्यात झड लागली तर दाणा भरत नाही, पळिंज, म्हणजे पोकळ दाणे, हाती येते. आणि ऑक्टोबर! २०१९ च्या ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ होतं तेव्हा कोकणात कापून ठेवलेलं भात शेतातच भिजलं. आडव्या पडलेल्या लोंब्यांना कोंब फुटले. पेंढा कुजला, म्हणजे गुरांचंही वर्ष गेलं.

हळवं लावावं तर ते नेमकं ऑक्टोबरच्या पावसात कापणीला येतं. गरवं लावावं तर पावसाने मधेच दगा दिल्यावर शेवटचं पाणी मिळत नाही. आणि २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस मुंबईत २६ मे लाच येऊन ठेपला. नेहमीची तारीख ११ जून. मावशीचं बी घरातच होतं आणि शेतात पाणी. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, मिळेना. जे पेरलं ते कुजलं, पुन्हा पेरावं लागलं.

इथे काही चांगली कामं झाली आहेत. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेली सगुणा भात पद्धत मला महत्त्वाची वाटते. कायमचे गादीवाफे करायचे, नांगरणी-चिखलणी बंद, रोप उपटून लावणं बंद. बी थेट वाफ्यावर टोकायचं आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. चिखलणीपुरत्या पाण्याची वाट बघावी लागत नाही, लावणीची मजुरी वाचते, आणि मुळं कुजून जमीन भुसभुशीत होत जाते. त्यात तणनाशकावर भिस्त आहे, ती मला खटकते. पण ज्या घरात लावणीला माणसंच उरली नाहीत त्यांना मी कोणत्या तोंडाने खुरपणी करा म्हणू? चारसूत्री लागवडही जुनी आणि खात्रीची: भाताचा पेंढा आणि तुसाची राख वाया न घालवता जमिनीत, गिरिपुष्पाचा पाला, ठरावीक अंतरावर मोजकी रोपं, आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या खोल खोचायच्या म्हणजे खत पावसात वाहून जात नाही. जोराच्या पावसाच्या काळात हे शेवटचं सूत्र सोन्यासारखं आहे.

पण बी आणि पद्धत बदलून सगळं सुटत नाही. नुकसान झालं की पंचनामा होतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला तर अतिवृष्टी, आणि पिकाचं ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं तर मदत. मदत येते सातबाऱ्यावरच्या नावाला. मावशीच्या सातबाऱ्यावर अजून सासऱ्यांचं आणि त्यांच्या तीन भावांचं नाव आहे. तिच्या शेजारची कातकरी कुटुंबं दुसऱ्याची जमीन अर्धेलीने, म्हणजे अर्ध्या पिकाच्या वाट्यावर, करतात, त्यांचं नाव कुठेच नाही. पीक त्यांनी गमावलं, कागदाप्रमाणे मात्र त्यांचं काहीच गेलं नाही.

मग ती कुटुंबं दिवाळीनंतर उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. हजार विटांमागे मजुरी. आणि मधेच अवकाळी पाऊस आला की पाडलेल्या कच्च्या विटांचा चिखल होतो आणि त्या दिवसांची मेहनत हिशेबात धरली जात नाही. ज्या पावसाने शेत नेलं तोच भट्टीवर येऊन उचल फेडायची लांबवतो. मुलांची शाळा यातच सुटते. याला कुणी हवामान बदलाचा परिणाम म्हणून नोंदवत नाही. मला वाटतं, आपल्या जिल्ह्यात त्याचा सगळ्यांत खोल परिणाम हाच आहे.

शहापूर तालुक्याची आणखी एक व्यथा. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातलं जवळपास निम्मं या तालुक्यातल्या भातसा धरणाचं. तानसाही इथलंच. आणि इथल्याच पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. खाली काळा पाषाण, वर उतार. अडीच हजार मिलिमीटर पडलेला पाऊस थांबतच नाही. जोराचा पडला तर आणखी लवकर वाहून जातो.

कुणाच्या खिशातून

गरीब माणूस जुळवून घेत नाही असं नाही. तो सतत तेच करत असतो. फ्रिज विटांवर चढवतो, कागद प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर टाकतो, मंगळसूत्र गहाण ठेवून दुबार पेरणीचं बी आणतो. फक्त त्याचे उपाय त्याच्याच भविष्यातून कापलेले असतात.

आणि काही उपाय दुसऱ्याच्या घरात पाणी घालतात. आमच्या जुन्या गल्लीसमोरचा रस्ता काँक्रीटचा झाला तेव्हा आधीचा थर न खोदता त्यावर नवा चढवला. रस्ता दीड फूट उंच झाला आणि चाळीची जोती खाली गेली. पहिल्याच पावसात पाणी घरात. ज्याला जमलं त्याने जोतं उचललं, मग ते पाणी त्याच्या शेजाऱ्याकडे गेलं. शेवटी गल्लीच्या टोकाची तीन घरं उरली, ज्यांच्याकडे पैसे नव्हते. आता सगळ्या गल्लीचं पाणी त्या तीन घरांत जातं. रस्त्याच्या निविदेत ‘आधीचा थर काढून पातळी राखावी’ ही एक ओळ असती तर हे टळलं असतं. वॉर्डातल्या बैठकीला गेलात तर ही ओळ मागा. तिला पैसे फार लागत नाहीत.

मावशीकडे गेल्या महिन्यात जाऊन आलो. यंदा तिने वरच्या तुकड्यात हळवं, खालच्या दोन खाचरांत गरवं आणि मधे निमगरवं असं ठरवलंय. एक गेलं तर दुसरं हाती लागेल. मागच्या खोलीत एक गोणी वेगळी बांधून ठेवलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, “पहिलं कुजलं तर असावं म्हणून वीस किलो बी राखलंय.” ते भात कांडलं असतं तर तिच्या घरातलं दोन आठवड्यांचं जेवण झालं असतं.